जुन्या फ्लॉप्या रद्दीत घालू नका

मंडळी, घरात, मंडळाच्या कपाटात किंवा बंद पडलेल्या डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं तयार करायच्या) दुकानात फ्लॉप्या, म्हणजे संगणकाच्या फाइली साठवायच्या जुन्या चकत्या, पडून असतील तर एवढं वाचा.

नव्वदच्या दशकात बेळगाव, खानापूर, निपाणीत डीटीपीची दुकानं निघाली. पोट भरायचं लग्नपत्रिकांवर. पण त्याच टेबलांवर गणेशोत्सव मंडळांचे अहवाल टाइप झाले, पतसंस्थांचे ताळेबंद झाले, कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांचा मजकूरही झाला. सीमाभागात मराठीचं हे काम लोकांनी वर्गणी काढून केलंय. त्याची प्रत कुठल्या सरकारी दप्तरात सापडेल या भरवशावर मी तरी राहणार नाही.

मीही तेव्हा हेच काम करायचो. पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावायची, बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि फाइल साडेतीन इंची फ्लॉपीत टाकायची. जागा १.४४ एमबी. नुसता मजकूर असला तर अख्खी स्मरणिका मावायची, पण अध्यक्षांचा स्कॅन केलेला फोटो आला की एकाच्या तीन फ्लॉप्या व्हायच्या. सोनीनं २०११ मध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्रीसुद्धा बंद केली. आज ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये अशा ४० हजारांहून जास्त फ्लॉप्या मावतात. त्यामुळे लोकांना वाटतं, फाइल कॉपी केली की काम झालं.

तसं होत नाही. त्या वेळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता चिन्हांचा काला. परवा एक तरुण ऑपरेटर म्हणाला, "सर, ह्यात काय की भलतंच दिसूलाय." फाइल धडधाकट होती, वाचायची किल्ली तेवढी नव्हती. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण तिथंही डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये दिसेल तसं टाइप व्हायचं, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा, त्यामुळे 'कार्यकर्ता'सारखा साधा शब्दही मोडून येतो. म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून घ्यायची. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप केलेल्या कन्नड फायलींचंही हेच दुखणं आहे. कन्नड मित्रांनाही हे जरूर सांगा.

दुसरा शत्रू आपला पाऊस. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतली चकती उजेडात धरा. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. ड्राइव्हमधल्या चकती वाचणाऱ्या हेडला घाण लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडून निघते.

आजच्या अहवालांची काळजी मला जास्तच वाटते. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, सेक्रेटरी मोबाईल बदलतो आणि मूळ फाइल कुणाकडेच उरत नाही. मंडळाच्या नावानं एक ईमेल खातं काढा, गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, तीही दुसऱ्याच्या घरी. छापील प्रत गावच्या वाचनालयात द्या.

यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे. पैसे नकोत. फ्लॉप्या आणताना छापील प्रत आणा, आणि कुठल्या दुकानात टाइप झालं होतं तेही विचारून या, म्हणजे फॉन्ट शोधता येईल.