सुरुवात सिम्फनीपासून करू नका

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी, असे कोणी विचारले की बहुतेक जाणकार एखाद्या गाजलेल्या सिम्फनीचे, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेचे, नाव सांगतात. बेथोवेनची पाचवी, नाहीतर मोझार्टची चाळिसावी. हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, परंतु माझ्या मते तो उलटा आहे. ऑर्केस्ट्राचा मोठा ताफा नवख्या श्रोत्याला दिपवून टाकतो. त्याला भव्यता जाणवते, अंगावर काटाही येतो. पण कोणते वाद्य काय म्हणते आहे, सूर कोणाकडून निघाला आणि कोणी उचलला, हे काही केल्या कळत नाही, आणि दोन-चार प्रयत्नांनंतर ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून तो दूर होतो. सुरुवात दोन, तीन, फार तर पाच कलावंतांच्या संगीतापासून करावी, त्यात पियानोसोबत गायल्या जाणाऱ्या गाण्यांना मानाचे स्थान द्यावे, आणि हे ऐकणे रोज थोडे, पण सलग महिनाभर चालू ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. हे मत जून २०२० मध्ये पक्के झाले.

त्या वर्षी मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे ब्रिटनमधील सारी सभागृहे बंद झाली होती. १ जूनपासून लंडनच्या विगमोर हॉलने सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी एक वाजता, रिकाम्या सभागृहातून एकेक मैफल थेट प्रक्षेपित करायला सुरुवात केली. बीबीसी रेडिओ ३ वर ती ऐकता येत असे आणि हॉलच्या संकेतस्थळावर पाहताही येत असे. चार आठवड्यांत अशा वीस मैफली झाल्या. मंचावर एक किंवा दोनच कलावंत आणि समोर सुमारे साडेपाचशे रिकाम्या खुर्च्या. पहिल्या दिवशी स्टीफन हफ यांनी बाखच्या ‘शाकोन’चे बुसोनीने केलेले पियानो-रूपांतर आणि शूमानची सी मेजर ‘फँटसी’ वाजवली. पुढे कधी स्टीवन इसर्लिस यांचा चेलो आणि मिष्का रश्दी मोमेन यांचा पियानो, कधी एलिझाबेथ केनी यांच्या ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासोबत इस्टिन डेव्हिस यांचा काउंटरटेनर, म्हणजे स्त्रियांच्या पट्टीत गाणारा पुरुषाचा आवाज, असे करत २६ जूनला मार्क पॅडमोर आणि मित्सुको उचिदा यांनी शूबर्टची ‘विंटररायझे’ ही संपूर्ण गीतमालिका सादर करून त्या महिन्याची सांगता केली.

दोनापेक्षा अधिक कलावंत नकोत, हा निर्बंध साथीमुळे आलेला होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला की श्रोत्याला लपायला जागाच उरली नाही. एका वेळी दोनच स्वर ऐकायचे असतील तर कान आपोआप दोघांकडेही जातो. व्हायोलिनने मांडलेली ओळ पियानोने उचलली, तिचे शेवटचे दोन स्वर बदलून परत दिली, व्हायोलिनने तो बदल मान्य केला किंवा नाकारला, हे कोणी समजावून न सांगता कळू लागते. वादकांना दिशा देणारा कंडक्टर येथे नसतो. दोघेही एकमेकांचा श्वास आणि मान हलण्याची लकब पाहून चालतात, आणि कॅमेरा जवळ असल्यामुळे ते पाहण्याचे सुख त्या महिन्यात मिळाले, जे प्रत्यक्ष सभागृहातही मागच्या रांगेत बसून क्वचितच मिळते. पहिल्या आठवड्यात मला नुसती सुरावट ऐकू येत होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्याखाली काय चालले आहे, याची वाट कान स्वतःहून पाहू लागला होता. सलग ऐकण्याचा हा लाभ सुटीच्या दिवशी एकदम चार तास ऐकून मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आता ‘विंटररायझे’बद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माझा सगळा युक्तिवाद या एका कृतीवर उभा राहू शकतो. विल्हेल्म म्युलर या कवीच्या चोवीस कविता शूबर्टने १८२७ मध्ये संगीतबद्ध केल्या. त्याच वर्षी म्युलर बत्तिसाव्या वर्षी वारला, आणि पुढच्या वर्षी, या मालिकेच्या दुसऱ्या भागाची मुद्रिते अखेरच्या आजारपणात तपासत असलेला शूबर्ट एकतिसाव्या वर्षी गेला. कथा म्हणावी तर इतकीच आहे: प्रेमात निराश झालेला एक तरुण हिवाळ्यातल्या रात्री गाव सोडून चालू लागतो आणि चालतच राहतो. पहिल्या गाण्यात पियानोवर पावलांची एकसारखी लय सुरू होते. गाणे मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरयोजनेत, आहे. शेवटच्या कडव्यात तो तिच्या दाराशी येतो, तिची झोप मोडू नये म्हणून हलकेच पाऊल टाकतो, आणि नेमक्या त्या ठिकाणी शूबर्ट मायनरचे मेजर करतो. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला सांगायचे तर, इतका वेळ लागत असलेल्या कोमल गंधाराच्या जागी अलगद शुद्ध गंधार येतो. लय तीच, पावले तीच, चालही जवळजवळ तीच. बदललेल्या त्या एका स्वराने मात्र त्या तरुणाच्या मनात अजून किती माया शिल्लक आहे, हे सांगून टाकलेले असते. ऑर्केस्ट्राच्या गदारोळात असा एक स्वर नवख्या कानाला सापडणार नाही. येथे तो सापडतो, आणि एकदा सापडला की श्रोता त्या संगीताचा झालाच.

शेवटचे, चोविसावे गाणे एका म्हाताऱ्या भिकाऱ्याचे आहे. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा राहून तो गारठलेल्या बोटांनी हर्डी-गर्डी, म्हणजे दांडी फिरवून वाजवायचे एक वाद्य, वाजवतो आहे. त्याची थाळी रिकामी आहे आणि कुत्री त्याच्यावर गुरगुरत आहेत. पियानोच्या डाव्या हाताला शूबर्टने संपूर्ण गाणेभर षड्ज-पंचमाची एकच जोडी दिली आहे, एखाद्या सोडून दिलेल्या तंबोऱ्यासारखी. उजव्या हातात त्या वाद्याची मोडकी सुरावट, आणि गायकाला अगदी मोजके, जवळजवळ बोलल्यासारखे स्वर. कोणी त्याचे ऐकू इच्छित नाही, कोणी त्याच्याकडे पाहत नाही, अशा अर्थाची ओळ पॅडमोर रिकाम्या खुर्च्यांसमोर गायले, तेव्हा १८२७ मधल्या त्या ओळीला २०२० ने कोणतीही ओढाताण न करता नवा अर्थ दिला. तो तरुण अखेरीस म्हाताऱ्याला विचारतो की मी तुझ्याबरोबर येऊ का, माझ्या गाण्यांना तू तुझ्या वाद्याची साथ देशील का, आणि मालिका तेथेच थांबते. उत्तर नाही.

या गाण्यांमधील पियानोला ‘साथ’ म्हणणे मला पटत नाही. शूबर्टने अठराव्या वर्षी, १८१५ मध्ये, गटेच्या कवितेवर केलेले ‘एर्लक्योनिग’ ऐकावे. निवेदक, बाप, आजारी मुलगा आणि त्याला भुलवणारे ते मायावी भूत, अशा चौघांचे बोलणे एकच गायक गातो. परंतु घोड्याची धाव, रात्र आणि भीती पियानोवादकाच्या उजव्या हातात आहेत, आणि एकाच स्वराचे तीन-तीनच्या गटांतले ते वेगवान ठोके वाजवताना भल्याभल्यांचे मनगट भरून येते. शूमानच्या ‘डिख्टरलीबे’मध्ये तर याहून पुढचा प्रकार आहे. हाइनेच्या कवितांवरील या सोळा गाण्यांच्या मालिकेतले पहिले गाणे संपते, पण सम गाठत नाही. शेवटचा स्वरमेळ तसाच अधांतरी ठेवलेला आहे, कारण त्या प्रेमाचा निकाल लागलेला नाही. आणि सोळाव्या गाण्यात गायक थांबल्यावर पियानो एकटाच बराच वेळ बोलत राहतो. १८४० या एका वर्षात शूमानने शंभरावर गाणी केली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्लाराशी त्याचे लग्न झाले, आणि ती स्वतः युरोपातल्या अग्रगण्य पियानोवादकांपैकी एक होती. त्याच्या गाण्यांतला पियानो इतका बोलका का, याचा विचार करताना हे विसरता येत नाही. जेरल्ड मूर यांच्यासारख्या पियानोवादकाने आयुष्यभर या भूमिकेची प्रतिष्ठा वाढवली. १९६७ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांच्या निरोपाच्या मैफलीत फिशर-डीस्काउ, श्वार्ट्सकॉफ आणि व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस असे तीन थोर गायक त्यांच्यासाठी गायले. तरीही आज गाण्याचे ध्वनिमुद्रण शेअर करताना निम्मे लोक पियानोवादकाचे नाव लिहीत नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला भाषेचा. जर्मन येत नसेल तर या गाण्यांत काय ठेवले आहे? माझे उत्तर असे की कविता आधी वाचावी. भाषांतरात वाचावी, पण पूर्ण वाचावी, आणि मग कागद बाजूला ठेवून ऐकावे. कागदावर बोट ठेवून ओळीमागे ओळ वाचत ऐकले तर डोळे काम करतात आणि कान सुटीवर जातात. याच कारणासाठी गीतमालिकेतले एखादे लोकप्रिय गाणे तोडून ऐकण्याच्या मी विरोधात आहे. ही सवय आजची नाही. शूबर्टच्या हयातीत आणि नंतरही कितीतरी वर्षे मैफलीत सुटी गाणीच गायली जात, आणि त्याच्याच १८२३ च्या ‘डी श्योने म्युलरिन’ची संपूर्ण मालिका रसिकांसमोर पहिल्यांदा गायली गेली ती १८५६ मध्ये, गायक यूलियुस श्टोकहाउझेन यांच्याकडून. आपल्याला तेवढी वाट पाहावी लागत नाही, हे भाग्य समजून सव्वा तास काढावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे मूठभर श्रीमंतांचे संगीत आहे, असे म्हटले जाते. तिकिटांच्या किमती, सभागृहांतली शिष्टाचाराची दडपणे आणि रचनेच्या दोन मूव्हमेंटच्या, म्हणजे भागांच्या, मध्ये कोणी चुकून टाळी वाजवली तर त्याच्याकडे वळणाऱ्या नजरा पाहिल्या की त्या म्हणण्यात तथ्य आहे, हे नाकारता येत नाही. पण तो दोष त्या रिवाजांचा आहे, संगीताचा नव्हे. शूबर्टची गाणी सुरुवातीला गायली गेली ती मित्रांच्या घरी. तो पियानोवर आणि बहुधा योहान मिखाएल फोगल गायला. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९३९ पासून एप्रिल १९४६ पर्यंत, पियानोवादक मायरा हेस यांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीत, जिथली चित्रे सुरक्षिततेसाठी हलवून भिंती रिकाम्या झाल्या होत्या, सोमवार ते शुक्रवार दुपारी एक वाजता चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या कलावंतांच्या संगीताच्या, मैफली चालवल्या. प्रवेशमूल्य एक शिलिंग होते. बॉम्बहल्ल्यांच्या काळात मैफली तळघरात हलवल्या गेल्या, पण बंद पडल्या नाहीत, आणि अशा जवळजवळ सतराशे मैफली झाल्या. जेवणाच्या सुटीत कचेरीतून उठून आलेले लोक बाख, मोझार्ट आणि जर्मन गाणी ऐकत होते, आणि तेही जर्मनीशी युद्ध चालू असताना. त्याआधीच्या महायुद्धात याच्या अगदी उलट घडले होते. विगमोर हॉल १९०१ मध्ये उघडला तो बेखश्टाइन हॉल या नावाने, कारण तो त्या जर्मन पियानो कंपनीने बांधला होता. युद्धाच्या काळात कंपनीची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली आणि १९१७ मध्ये सभागृह नव्या नावाने सुरू झाले. द्वेषाच्या त्या लाटेनंतर त्याच शहराने दुसऱ्या युद्धात मायरा हेस यांच्या मैफलींना गर्दी केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रक्षेपणावर मी सर्वस्वी समाधानी आहे असे मात्र नाही. चेंबर संगीत लहान जागेसाठी लिहिलेले आहे. चेलोचा खालचा स्वर जमिनीतून पायांना जाणवतो, तो कोणत्याही हेडफोनमधून जाणवत नाही. आणि त्या महिन्यात एक मोठी उणीव होती: स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चार वाद्यांचे संगीत. चौघांना एकत्र बसता येत नव्हते, त्यामुळे हायडन, बेथोवेन आणि बार्टोक यांचे सर्वांत सखोल लेखन ज्या प्रकारात आहे, तोच बाहेर राहिला. म्हणून स्वतःचा महिना आखणाऱ्याने पहिले दोन आठवडे गाणी आणि दोन वाद्यांचे सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना, ऐकावेत, आणि तिसऱ्यात क्वार्टेटकडे वळावे. प्रारंभ हायडनच्या १७८१ मधल्या ओपस (रचनाक्रमांक) ३३ च्या क्वार्टेटपासून करावा, कारण तेथे चारही वाद्यांना बोलण्याचा हक्क मिळाल्याचा आनंद अगदी उघड ऐकू येतो. मग मोझार्टने हायडनला अर्पण केलेले सहा क्वार्टेट घ्यावेत. बेथोवेनचे १८२५-२६ मधले क्वार्टेट पहिल्याच महिन्यात ऐकायची घाई करू नये; ते कुठे जात नाहीत.

चौथ्या आठवड्यात मी एकच कृती सुचवीन: शूबर्टचे सी मेजर स्ट्रिंग क्विंटेट. १८२८ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी लिहिलेले हे संगीत छापून आले ते थेट १८५३ मध्ये. यात नेहमीच्या चार वाद्यांत दुसऱ्या चेलोची भर घातलेली आहे. त्याची संथ दुसरी मूव्हमेंट रोज एकदा ऐकावी. पहिल्या दिवशी फक्त पहिल्या व्हायोलिनचे तुटक, थांबत थांबत येणारे उद्गार धरावेत. दुसऱ्या दिवशी खाली तारा छेडून वाजणारा दुसरा चेलो धरावा. तिसऱ्या दिवशी मधल्या तिघांकडे, म्हणजे दुसरे व्हायोलिन, व्हिओला आणि पहिला चेलो यांच्याकडे लक्ष द्यावे, कारण लांबच लांब स्वर धरून ठेवणारी खरी गाणारी ओळ त्यांच्याकडे आहे आणि पहिल्या दोन दिवसांत ती बहुधा निसटलेली असते. चौथ्या दिवशी पाचही जण एकत्र ऐकावेत, आणि कोणाला काय ऐकू आले ते येथे खाली जरूर लिहावे.