तीन आणि चारच्या मधे

आमच्या हॉलमधल्या पंख्याच्या रेग्युलेटरवर एक ते पाच आकडे आहेत. एकवर पंखा फिरत नाही, नुसता विचार करतो. पाचवर भिंतीवरचं कॅलेंडर आपण होऊन पुढच्या महिन्यात जातं. माणसांच्या उपयोगाचे आकडे दोनच. तीन आईचा, चार बायकोचा.

आईला वारा लागतो. बायकोलाही वारा लागतो. क्रियापद एकच, पण एकीला तो बाधतो आणि दुसरीला तो पाहिजे असतो. जी भाषा दोन्हीला एकच शब्द देते, ती बोलणाऱ्यांच्या घरात तंटे व्हायचेच.

बरं, हे भांडण कधी तोंडाने होत नाही. आई पाणी प्यायला उठते आणि जाता जाता, खट्. चाराचे तीन. बायकोला नेमका तेव्हाच मोबाईल चार्जिंगला लावायचा असतो आणि प्लग त्याच बोर्डावर आहे. खट्. तिनाचे चार. मी आतल्या खोलीत पडून खट् मोजतो. चौथ्या खट्‌नंतर स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांची झाकणं जरा जास्तच घट्ट लागायला लागतात. आमच्याकडे आवाज चढवून कोणी बोलत नाही, ते काम भांड्यांकडे आहे.

ऑफिसात हेच, फक्त आकडे मोठे. ठाण्याच्या आमच्या ऑफिसात अकरा माणसांत एक एसी. त्याच्या बरोबर खाली अकाउंट्सच्या मॅडम, मे महिन्यातही शाल पांघरून. त्यांना सत्तावीस हवं. सेल्सचा पोरगा भर दुपारी बाईकवरून येतो, हेल्मेट काढायच्या आधी अठरा करतो. रिमोट राहतो माझ्या टेबलावर. का, तर माझ्या टेबलावर जागा होती. कामाला माणूस कमी असला की टेबलावर जागा असते, हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण त्यामुळे दोन्ही बाजूंचे शाप थेट माझ्याकडे यायला लागले.

त्यातच कंपनीने आम्हाला संवादकौशल्याचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग दिलं. भांडणात ‘तू’ने वाक्य सुरू करायचं नाही, ‘मला’ने करायचं, एवढं मला त्यातून कळलं, समोसेही बरे होते. त्या रात्री घरी मी म्हणालो, “मला असं वाटतं, की पंख्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलावं.” आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. बायकोने विचारलं, “दुपारी काय खाल्लंस?”

मग मला आमचे तात्या आठवले. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. आबा गृहमंत्री असताना. गावोगाव समित्या नेमल्या, जुने तंटे वहीत नोंदवले, वेशीवर पाट्या लागल्या. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात समितीचे अध्यक्ष तात्या, माझे चुलते. वहीतला सगळ्यात चिवट तंटा होता दोघा सख्ख्या भावांचा, वीतभर बांधावरून, अकरा वर्षं. तात्यांनी भर दुपारी दोघांना रानात नेलं, टेपचं एकेक टोक दोघांच्या हातात दिलं आणि बांधाला लागून दोघांच्याही रानातून एकेक फूट काढून गावासाठी पायवाट आखली. वीतभरासाठी भांडणाऱ्यांचा फूटभर गेला. वहीत सह्या झाल्या, तंटा मिटला.

मधली वाट! मी रात्रीच रेग्युलेटर तीन आणि चारच्या बरोबर मधे आणून ठेवला.

पंखा बंद पडला. त्या खटक्याच्या आत तीनची आणि चारची जोडणी वेगवेगळी असते आणि मधे काहीच नसतं, हे दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने सांगितलं, तीनशे रुपये घेऊन. पण त्या रात्री बटण तिथेच अडकलं, मागे जाईना की पुढे. “पंखा कोणी बंद केला?” असं सासू-सुना एका सुरात म्हणाल्या, एवढा एकसूर आमच्याकडे आरतीलाही लागत नाही. मग दोघी गॅलरीत खुर्च्या टाकून बसल्या. दहाव्या वर्षी मी रेडिओ उघडून त्याचे चार स्क्रू कसे उरवले ते आईने सांगितलं. बायकोने मिक्सर सांगितला. मी आत घामाच्या धारांत ऐकत पडलो होतो. एक वाजेपर्यंत हसत होत्या.

यातून मी शहाणा व्हायला हवा होतो. झालो नाही. ऑफिसात एसी चोवीसवर लावून रिमोट ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. वर कागद चिकटवला: ‘१ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते.’ सरकारी आकडा आहे, चुकीचा नाही. पण मॅडमना चोवीसला थंडी वाजत होती आणि पोराला उकडत होतं, आणि दोघांनाही ते माझ्यामुळे होतंय याबद्दल शंका नव्हती.

तिसऱ्या दिवशी जेवून आलो तर ड्रॉवर उघडा. केसांतली पिन मॅडमची, हात पोराचा. रिमोट काढताना दोघांना पहिल्यांदाच बोलावं लागलं असणार, कारण त्यानंतर वीस मिनिटांत प्रश्न सुटला होता. मॅडम खिडकीपाशी माझ्या जागेवर गेल्या. पोरगा बाहेरून आला की बावीस, बाहेर गेला की सव्वीस. एसीच्या खालची खुर्ची रिकामी झाली, तिच्यावर माझं सामान ठेवलेलं होतं. आता ते दोघं चार वाजता चहाला बरोबर जातात. मला बोलवत नाहीत.

रात्री तात्यांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

“आता बोलत्यात का एकमेकांशी?”

“बोलतात. माझ्याबद्दल.”

“मग मिटलं की.”

“पण तात्या, त्या दोघा भावांचं...”

“त्याच राती पारावर बसून दोघं मला शिव्या देत हुते. अकरा वर्सांनी पयल्यांदा शेजारी बसले. मी मंदिराच्या मागं उभा राहून ऐकलं, मग घरी जाऊन वहीत लिवलं.”

“आणि तुमच्याशी बोलतात?”

“दोघंबी न्हाई. पायवाटंनं गेलो तर थुंकत्यात.” तात्या जरा थांबले. “तुला शाल पाठवू का रं एखादी? सत्कारातल्या लय पडल्यात.”