हंपी ट्रिपच्या २ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि बायकोलाही वाचून दाखवला, बुकिंगचं सगळं तीच बघते. विठ्ठल मंदिरात भर दुपारी नेलं आणि आईंचे हाल झाले, गाईडने संगीत खांब वाजवून दाखवले नाहीत, गाभारा रिकामाच होता, आणि कमलापूरच्या म्युझियममध्ये मोडक्या मूर्ती बघण्यात सकाळ वाया गेली, असं तुम्ही लिहिलंय.

आधी आईंचं. ती चूक पूर्णपणे माझी. म्युझियमला शुक्रवारी सुट्टी असते हे मला पाठ आहे, तरी प्लॅन करताना सुटलं, आदल्या रात्री लक्षात आलं म्हणून म्युझियम गुरुवारी सकाळी घेतलं आणि विठ्ठल मंदिर दुपारवर गेलं. तिथे आपली बस देवळापर्यंत जात नाही, शेवटचा साधारण एक किलोमीटर बॅटरीच्या गाडीने जावं लागतं, त्या रांगेत तुम्ही सगळे उन्हात उभे राहिलात, आणि आत गेल्यावर पण तापलेला दगडच. वयस्कर माणसाला त्या वेळी न्यायलाच नको होतं. आईंच्या सीटचे पूर्ण पैसे परत करतोय, ज्या नंबरवरून बुकिंग केलं होतं त्यावर आज मेसेज येईल.

खांबांच्या बाबतीत मात्र गाईड बरोबर होता. ते वाजवायला बंदी आहे, लोकांनी वर्षानुवर्षं ठोकून त्यांची वाट लावली. कुणी कितीही आग्रह केला तरी आमचा माणूस हात लावणार नाही.

आणि म्युझियम वाया गेलं हे वाचून खरंच वाईट वाटलं. तिथल्या अंगणात अख्ख्या हंपीचं मॉडेल आहे, तुंगभद्रा, डोंगर, देवळं सगळं, ते बघितल्याशिवाय दोन दिवस नुसतं बसमधून उतरणं आणि चढणं होतं, कुठे काय होतं काही कळत नाही. हंपी म्हणजे विजयनगरची राजधानी, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरलं आणि एवढं मोठं शहर लुटलं गेलं, ताई, मूर्ती मोडक्याच असणार. लक्ष्मी-नरसिंहाची ती १५२८ ची प्रचंड मूर्ती आठवते ना, मांडीवरची लक्ष्मी गेली पण तिचा हात अजून त्याच्या पाठीवर आहे. मी दर वेळी मागच्या बाजूला जाऊन तो हात बघतो.

रिकाम्या गाभाऱ्याचं तर मीच सांगायला हवं होतं. आपल्याकडे परंपरेने सांगतात की विजयनगरच्या राजा कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा हंपीला नेला आणि भानुदासांनी, म्हणजे एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, तो परत आणला. ही गोष्ट मी प्रत्येक ग्रुपला तिथेच उभं राहून सांगतो, मराठी माणसाला तो गाभारा नुसता रिकामा दिसत नाही मग. त्या दिवशी मी मागे रांगेत पाणी वाटत राहिलो, गाईडला ही गोष्ट माहीत नव्हती, आणि तुम्ही आत जाऊन रिकामी जागा बघून परत आलात. आईंना तुम्ही नक्की सांगा, त्या वारीला जातात असं बसमध्ये म्हणाल्या होत्या.

पुढच्या ट्रिपपासून विठ्ठल मंदिर सकाळी पहिलं, म्युझियम त्याच दिवशी जेवणानंतर, आणि शुक्रवार आला तर तारीखच बदलणार. परत आलात तर आईंसाठी छत्री आणि घडीची खुर्ची मी स्वतः घेऊन येईन.