ओट्यावर बसून प्यायची चीज

आत्ताच नागपूरहून आलो. वरोऱ्याच्या स्टँडवर गाडी लावून गेलो होतो, तिची सीट रात्री नऊलाही हात लावू देत नव्हती इतकी तापलेली. अंगणात पाणी मारून खाट टाकली आहे. झोप येणार नाही, कारण दुपारी गिळलेलं एक वाक्य अजून घशातच आहे. ते इथं काढतो.

चुलत बहिणीच्या नव्या घराचं वास्तुपूजन काल झालं. घर सुरेख आहे, बहीण सुखात आहे, मनापासून आनंद झाला. आज दुपारी आम्ही चार-पाच माणसं उरलो होतो, तेव्हा जवाईबापू आम्हाला वरच्या खोलीत घेऊन गेले. एसी लावलेला. काचेच्या फळ्या, मागून पिवळे दिवे, बाटल्या ओळीनं मांडलेल्या. मग त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. आत सिगार. पेटीच्या झाकणाला ओलावा मोजायचं छोटं घड्याळ. 65 ते 70 टक्के ओलावा ठेवावा लागतो म्हणे, नाहीतर सिगार वाळते आणि फुटते. क्युबात पिनार देल रियो नावाचा भाग आहे, तिथली तंबाखू सगळ्यात नावाजलेली. आत तंबाखू, बांधायला तंबाखूचंच पान, वरून गुंडाळायलाही तंबाखूचंच पान. टोक कातरायची वेगळी कातरी. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवायचा. राख झटकत बसायचं नाही, तिची ती पडेल.

मला हे सगळं ऐकायला आवडलं. माणसानं आठवडाभर राबावं आणि सुटीच्या दिवशी आपल्या घरात चार माणसांत बसून असं निवांत काहीतरी प्यावं, ओढावं, खावं, यात मला काही वावगं वाटत नाही. बहिणीनं पाटोडीचा रस्सा केला होता, तर्री अशी की वाटीच्या काठाला लाल रेघ राहावी. मी तीनदा घेतला.

आणि मग बोलता बोलता गोष्ट गावावर आली. जवाईबापू म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडं लोकं दारूनंच खलास होऊन राहिले. शेतकरी मरतात ते काय उगाच? चंद्रपूरची बंदी उठवायलाच नोको होती." एका हातात बर्फ घातलेला ग्लास, दुसऱ्या हातात ती सिगार. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. पाहुणा होतो, बहिणीचं घर होतं.

आता मी माझ्या खाटेवर आहे.

बाबांची गोष्ट सांगतो. जुन्या मित्रांना माहीत आहे, पुन्हा ऐका.

1997 चा पोळा. आमच्याकडे श्रावण कडक पाळायचे. महिनाभर मटण नाही, थेंब नाही. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपा-हळदीनं शेकायचे आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली झडत्यांची गाणी, घरी आलेल्या बैलाला पुरणपोळी. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही. आणि दुसरा दिवस कराचा. लेकरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा मागत फिरतात आणि मोठी माणसं मटण करतात. माझ्या हिशोबानं पोळा बैलाचा आणि कर बापाचा. वर्षातून एक दिवस जनावराला सुटी, एक दिवस त्याच्या मागं चालणाऱ्याला.

त्या वर्षी मामा सुटीवर आले होते. मिलिटरीत होते, पोस्टिंग तमिळनाडूत. कॅन्टीनची रम आणली होती आणि बाबांसाठी खास म्हणून एक चिरूट. तिरुचिरापल्लीकडे चिरूट वळायचा धंदा इंग्रजांच्या काळापासूनचा. काळपट, बोटाएवढी जाड, दोन्ही टोकं आधीच कापलेली, त्यामुळे कातरीचं काम नाही.

बाबा बिडीवाले. चुलीतला निखारा चिमट्यानं उचलून त्यांनी चिरूट पेटवली आणि बिडीसारखा खोल झुरका घेतला. असा ठसका लागला की डोळ्यातून पाणी. मामा म्हणाले, "भाटवे, गिळा नोका. तोंडातच ठेवा, चव घ्या, सोडून द्या." बाबांनी तसं केलं. एकदा, दोनदा. मग ओट्यावर भिंतीला पाठ लावून पाय लांब केले. मी बाबांना पाय लांब करून बसलेलं त्याआधी पाहिल्याचं आठवत नाही. ते नेहमी उकिडवे बसायचे, केव्हाही उठायला तयार.

चुलीवर गावरान कोंबडा शिजत होता. कांदा-खोबरं आईनं निखाऱ्यात भाजून पाट्यावर वाटलेलं. आई ज्वारीच्या भाकरी थापत होती. बाबांनी पितळी गिलासात रम घेतली होती, एवढीशीच, पाणी जास्त. तासभर तेवढीच. मला म्हणाले, "पाय बावा, बिडी हे घाईची चीज हाय. दोन तासं डवरले का एक बिडी. सोडली का विजते. हे असं नाई. ह्याले टाइम लागते."

टाइम. जवाईबापूंच्या खोलीत बसलो होतो तेव्हा हाच शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. सिगार विकत घेता येते, आम्हीही ऊसनवारी करून एखादी घेऊ. तो तास कुठून आणायचा? आमच्याकडे पेरणी, निंदण, डवरणी, फवारणी, वेचणी, रात्री रानडुकरांची जागल, आणि रात्रीच लाइन येते म्हणून रात्रीच मोटर. असा माणूस कधीतरी एका संध्याकाळी पाय लांब करतो, तेव्हा रस्त्यावरून गाडीतून जाणाऱ्याला तेवढंच दिसतं. खाट दिसते, गिलास दिसतो. डवरणी दिसत नाही.

चिडलोय मी. चिडू द्या.

तुमचं पिणं म्हणजे आवड आणि आमचं पिणं म्हणजे व्यसन, हे कोणी ठरवलं? तीच दारू काचेच्या फळीवर ठेवली की शौक आणि पितळी गिलासात ओतली की आत्महत्येचं कारण? पावसानं दगा दिला, बोंडअळीनं पोखरलं, भाव पडला, सावकार दारात बसला, यातलं काही नाही, मेला तर दारूनं मेला! मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर असं बोलून दाखवा.

आणि मोहाचं घ्या. चैत्रात पहाटे झाडाखाली मोहफुलांचा सडा पडतो, बाया-पोरं टोपल्या घेऊन जातात, उन्हात वाळवतात. आमच्या भागातल्या गोंड घरांत लग्नात, मरणात, देवापुढे मोहाची धार लागते आणि ती बायाही पितात, म्हाताऱ्याही पितात, बसून, सगळ्यांसोबत. गोव्यानं 2016 मध्ये फेणीला वारशाचं पेय म्हणून मान दिला. चांगलं केलं. आमच्या मोहाच्या वाट्याला मात्र पोलिसाची काठी आणि फोडलेलं मडकं. काजूचा वारसा आणि मोहाचा गुन्हा, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

थांबतो जरा. आई आतून विचारते आहे, कोणाशी बोलून राहिला म्हणून.

आईचंही सांगायला पाहिजे, नाहीतर ही पोस्ट खोटी होईल. दारूनं घरं मोडली आहेत. माझ्याच गल्लीत मोडली आहेत. 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून बाया पायी नागपूरला अधिवेशनावर चालत गेल्या, त्या काही हौसेनं गेल्या नव्हत्या. बंदीसाठी आमच्या ग्रामसभेत आईनं हात वर केला होता. शेजारच्या काकूच्या पाठीवर वळ होते, ते तिनं स्वतः तेल लावून शेकले होते. बाबा त्याच ग्रामसभेत बसले होते. घरी आल्यावर एक शब्द बोलले नाहीत. इतकंच म्हणाले, "तुयं बराबर हाय."

1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागली. गडचिरोलीत 1993 पासून होतीच, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. तीन जिल्हे कोरडे आणि आमच्याकडून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथे वणीत दुकानं उघडी. पुढं काय झालं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्याच्याकडे चारचाकी त्याच्या घरी इंग्लिश बाटली. ज्याच्याकडे नाही तो बांधावर, नाल्यात, अंधारात, उभ्या उभ्या, प्लास्टिकच्या पिशवीतली, जेवणाशिवाय. गटकन ओतायची आणि पळायचं, कारण कोणी पाहील. पिणं थांबलं नाही. बसणं थांबलं. ओटा गेला, जेवण गेलं, घरची माणसं गेली, आणि मागं उरली ती नुसती दारू. बंदीनं काही घरं वाचलीही असतील, तेवढं म्हणतो.

2017 चा कर. बाबांचा तो शेवटून दुसरा. दम लागायला लागला होता. डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवून सांगितलं होतं, बिडीचं काम आहे. मान्य. त्यांनी बिडी सोडली होती. मी विचारलं, "बाबा, कर हाय. थोडी आणू का? भेटते." सगळ्यांना भेटत होती. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं लहानपणी खोटं बोललो की पाहायचे. म्हणाले, "चोरावाणी नाई पेत मी. ते ओट्यावर बसून पेयाची चीज हाय."

त्या रात्री त्यांनी रस्सा-भाकर खाल्ली आणि वर चहा घेतला. ओट्यावर बसून. उकिडवे.

2019 च्या उन्हाळ्यात गेले. बंदी उठली 2021 ला.

जवाईबापू, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. तुमच्या खोलीचा मला राग नाही, तुमच्या पेटीचाही नाही. तुम्ही मला ग्लास स्वतः भरून दिला, सोड्याची बाटली स्वतः उघडली, मोठा भाऊ म्हणून आधी मला विचारलं. हे मी विसरणार नाही. पण तुम्ही ज्या संध्याकाळी बसता ना, तसलीच एक संध्याकाळ माझ्या बाबांनी आयुष्यात एकदा पूर्ण उपभोगली, आणि ती आठवण मी वीस-पंचवीस वर्षं पोटात घेऊन फिरतो आहे. तिला कोणी व्यसन म्हटलं की मला सहन होत नाही. घरी बसून, उजेडात, बायका-लेकरांसमोर, मापानं, पोटभर जेवणासोबत बसणाऱ्या माणसाला नावं ठेवू नका, तो नागपूरचा असो की आमच्या वस्तीतला. आणि उभ्यानं ओतून बायकोवर हात टाकणाऱ्याला माझ्या दारात उभं करू नका, मग तो कितीही शिकलेला असो.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी बाबांनी ती चिरूट अर्धीच ओढली. उरलेली विझवून, कागदात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवली, पुढच्या करासाठी. आमची देवळी म्हणजे काही ओलावा मोजायची पेटी नव्हती. मध्ये अख्खा उन्हाळा गेला, आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा. पुढच्या पोळ्याला कागद सोडला तर आत नुसता चुरा. मामा हळहळले. बाबांना काहीच वाटलं नाही. त्यांनी तो चुरा तळहातावर घेतला, तेंदूच्या पानात भरला, दोऱ्यानं बांधला आणि बिडी करून ओढली. म्हणाले, चव तीच हाय.

आज निघताना जवाईबापूंनी माझ्या खिशात एक सिगार घातली. मी नाही म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. रागात होतो म्हणून परत काढून ठेवणार होतो, पण बहीण पाहत होती. एसटीत दोन तास खिशात होती, आत्ता उशाशी आहे. उद्या सकाळी काडीकचरा वेचायला वावरात जायचं आहे, तेव्हा आज काही ती पेटणार नाही.

आई बाहेर आली. तिनं पाहिली, हातात घेतली, वास घेतला. काय आहे म्हणून विचारलं नाही. आत गेली, एक सुती फडकं ओलं करून पिळून आणलं, त्यात ती गुंडाळली आणि माठाच्या तिवईखाली डब्यात नेऊन ठेवली, सावलीत.

"कराले लय टाइम हाय अजून," म्हणाली. "मांगच्या खेपेले चुरा झाला होता."