एका 'एस'पायी डोक्याची मंडई

रात्रीचे साडेदहा वाजलेत, उद्या लेकीची युनिट टेस्ट, ओट्यावर भांडी तशीच पडलीत आणि मी बसलेय 'इज' की 'आर', 'हॅज' की 'हॅव' करत गाळलेल्या जागा भरत. वैताग आलाय नुसता!

मला एक सांगा, नावाला एस लागला की अनेकवचन, कॅटचं कॅट्स, ठीक. मग क्रियापदाला एस लागला की एकवचन कसं काय?? कॅट स्लीप्स, कॅट्स स्लीप. बरं हेही घोटून घेतलं पोरीकडून, तर प्रश्न विचारताना 'डज' येतो आणि तो एस स्वतःच गिळून बसतो. ही लिहिते 'डज ही गोज' आणि खरं सांगू, दहा वेळा ऐकून आता मलाही ते बरोबर वाटायला लागलंय.

पण आज डोकं फिरलं ते मागच्या टेस्टचा पेपर बघून. 'द टीम'च्या पुढे हिने 'आर प्लेइंग' लिहिलं तर लाल पेनाने ही भलीमोठी फुली, अर्धा मार्क गेला. अहो पोरगी बाबाच्या शेजारी बसून मॅच बघते! तिथे कॉमेंट्रीत 'इंडिया आर वन ट्वेंटी फॉर थ्री', 'इंडिया हॅव वन द टॉस' हेच ऐकते, पेपरात हेडिंग 'इंडिया विन' असं येतं, विन्स नाही. ब्रिटिश इंग्रजीत टीमला दोन्ही चालतं, अमेरिकेत बहुतेक 'इज'. शाळेत स्पेलिंग 'कलर'चं यू घालून लिहायचं ब्रिटिशांसारखं आणि मार्क कापायचे अमेरिकेच्या हिशोबाने, वा रे वा.

आणि 'न्यूज'ला एस आहे तरी एकटी, 'पोलीस'ला एस नाही तरी कायम घोळक्यात. 'यू' तर समोर एकटा माणूस असला तरी 'आर'च, कारण एकट्यासाठीचं 'दाऊ', म्हणजे त्यांचं जुनं 'तू', इंग्रजांनी मान देता देता मारून टाकलं. आपल्याकडेही 'तुम्ही' आहे की, पण म्हणून आपण 'तू'चा गळा नाही आवळला!

हीच पोरगी तीन वर्षांची असताना 'दादाने लाडू खाल्ला, पोळी खाल्ली, सगळे पेढे खाल्ले' असं घडाघडा बोलायची. खाणारा तोच दादा पण क्रियापद ताटातल्या वस्तूप्रमाणे बदलतंय, त्यात तीन लिंगं, आणि आजोबा एकटे आले तरी 'आजोबा आले'. एवढं सगळं कुणी न शिकवता जमलं हिला, आणि एका एसवरून मिस डायरीत लिहितात, ग्रामर वीक. वीक म्हणे!

"आई, एकच पोलीस आला तर पण आर?"

मला नाही माहीत गं बाई, झोप आता. अजून बारा गाळलेल्या जागा राहिल्यात, कुकर घासायचाय.