सोबत माणूस पाहिजे

शाळेच्या ग्रुपवर सध्या एका निवेदनावरून वाद पेटलाय. सोलापूरला येरवड्यासारखं स्वतंत्र मनोरुग्णालय मागायचं, की गावातल्या साध्या दवाखान्यांतच मनाच्या आजारासाठी चार-सहा खाटा ठेवायला लावायच्या? मी खाटांच्या बाजूचा. मी राहतो त्या इटलीत 1978 च्या कायद्याने मोठ्या मनोरुग्णालयांत नवे पेशंट घेणं बंद झालं आणि दाखल करायची सोय साध्या रुग्णालयांत आली, एका वॉर्डात 15 खाटांपर्यंतच. मर्जीविरुद्ध ठेवायचं तर दोन डॉक्टर, महापौरांचा आदेश, वर न्यायाधीशांची मंजुरी. तीही सात दिवसांची, पुढे वाढवायची तर पुन्हा कागद. (आपल्या महापालिकेत अशी फाइल किती टेबलं फिरेल, देव जाणे.) इथे सगळं गोड आहे असंही नाही. बऱ्याच वॉर्डांत पेशंटला अजून खाटेला बांधतात.

पण ग्रुपवर कुणी काढलाच नाही असा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडे लहान दवाखान्यात अ‍ॅडमिट करताना पहिलं ऐकू येतं, ‘सोबत माणूस पाहिजे.’ सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या मावशीचा मुलगा दाखल होता, तेव्हा ती त्याच्या खाटेशेजारी चटई टाकून राहिली. मावशी विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे, हात थांबला की पैसे थांबले. वेळेवर गोळ्या देणं, रात्री जागणं, तो जिन्याकडे निघाला की मागे धावणं, म्हणजे नर्सचं अर्धं काम, तिनेच केलं. तो जेवायचा तिच्याच हातून, हेही खरं. इटलीतल्या ठरावीक वेळेच्या भेटीत आईला ते जमत नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात नातेवाइकांना तंबूत राहायला बोलावलं होतं, त्यात मोठं शहाणपण होतं. पण ते बोलावणं होतं, अट नव्हती.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सोबतीची सक्ती करतो ती अल्पवयीनांसाठी. मग यंत्रमागावर कामाला आलेल्या, परगावच्या एकट्या माणसाला दवाखाना परत का पाठवतो? त्याला मग अडीचशे किलोमीटरवरचं येरवडाच उरतं.

त्यामुळे निवेदनात इमारतीच्या आधी रात्रपाळीच्या नर्स लिहा. आणि जी आई आपणहून थांबेल, तिची बुडालेली मजुरी कोण भरणार तेही. हे दोन्ही असेल तर माझी सही धरा.