शेखरची फेरारी

सुन्याने मोबाइलचा वॉलपेपर बदलला की अख्ख्या कट्ट्याला कळतं, कारण तो फोन कधी पालथा ठेवतच नाही. गुरुवारी त्यावर स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस होती. देशात शंभरच आणल्या, पन्नास लाखांच्या घरात, आणि शंभरच्या शंभर गेल्या, हे आम्हाला पाठ होतं. तरी त्याने पडेल आवाजात पुन्हा सांगितलं.

"थोडक्यात हुकली रे तुझी," प्राची म्हणाली. "एकोणपन्नास लाखच कमी पडले असतील."

"पैशाचा विषयच नाहीये. डीएसजीचा विषय आहे. ऑटोमॅटिकच, पण डबल क्लच, सात गिअर. पॅडल ओढलं की खट्! नाद करायचा नाय. तुमचे ते टॉर्क कन्व्हर्टर, तेलावर चालणारे जुन्या वळणाचे ऑटोमॅटिक, म्हणजे पेन्शनरांच्या गाड्या."

विषय खरा मिलिंदचा होता. त्याचा डावा गुडघा गेलाय. रोज निगडी ते चाकण, तळवड्याच्या रांगेत हाफ क्लचवर उभं राहायचं, दुसरं काय होणार? वहिनींनी निकाल दिलाय की पुढची गाडी ऑटोमॅटिक, आणि ती त्याही चालवणार. मिलिंद आमच्यातला कडवा मॅन्युअलवाला. जीन्सच्या मागच्या खिशात मलमाची ट्यूब घेऊन फिरेल, पण 'गिअर माझ्या हाताने पडला पाहिजे' हे पालुपद सोडणार नाही.

"पोर्शने काय केलं आठव," तो म्हणाला. "२०१३ साली ९११ची जीटी३ आणली, फक्त पीडीके, म्हणजे त्यांचा डबल क्लच. लोकांनी इतकी बोंब मारली की २०१७ ला मॅन्युअल परत द्यावा लागला. पोर्शला कळतं, वहिनींना कळत नाही."

"तुझ्या वहिनी कुठल्या? आमच्या वहिनी. तुझी बायको," शेखर म्हणाला.

"तेच ते."

"जीटी३वाला रविवारी सकाळी सहाला गाडी काढतो," प्राची म्हणाली. "तू सोमवारी सकाळी आठला तळवड्यात असतोस. गिअर हाताने टाकायची हौस असेल तर जरूर टाक, पण पहिल्यातून दुसऱ्यात जायला तरी मिळतं का तिथे?"

मिलिंदसमोर दोन पर्याय आहेत, दोन्ही चाकणमध्येच तयार होणाऱ्या. एक लिटरच्या इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, दीड लिटरच्या इंजिनाला सात गिअरची डीएसजी. सुन्याच्या मते हा प्रश्नच होऊ शकत नाही. त्याच्या स्वतःच्या गाडीलाही कोरडा डबल क्लच आहे. गाडीचं नाव लिहायचं नाही असं त्याने बजावलंय, म्हणून लिहीत नाही; ब्रेक कॅलिपर घरी ब्रशने लाल रंगवलेत एवढ्यावरून निगडीत ओळखता येईल. एका टायरवरही रंग सांडलाय. ताम्हिणीत 'स्पोर्ट मोड दाखवतो' म्हणून त्याने अशी काही हाणली होती की शेखरला दोनदा उतरावं लागलं. दुसऱ्यांदा उतरायला उशीर झाला.

"सीट कव्हरचे पैसे अजून दिले नाहीत ह्याने," सुन्या म्हणाला.

"वळणं तू घेतलीस," शेखर म्हणाला.

प्राची चाकणला एका कारखान्यात गिअर तपासते. दिवसभर दातांवरून हात फिरवणारी बाई आहे, तिच्यासमोर गिअरबॉक्सवर बोलताना माणसाने जरा जपून बोलावं. सुन्याने आजवर ते केलेलं नाही.

"मिल्या, नीट ऐक," ती म्हणाली. "डबल क्लचमध्ये एका क्लचवर एक-तीन-पाच-सात, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तू तिसऱ्यात असतोस तेव्हाच चौथा लागून तयार असतो. एक क्लच सोडायचा, दुसरा धरायचा, झालं. पळत्या गाडीत झकास. पण रांगत्या गाडीत काय होतं? क्लच शेवटी क्लचच. तो पूर्ण धरला तर इंजिन बंद पडेल, म्हणून अर्धवट घासत ठेवायचा. म्हणजे तुझा गुडघा जे करतो तेच काम आता संगणक करणार. फरक एवढाच, की गुडघा आधी दुखून सांगतो. कोरडा क्लच वास आल्यावर सांगतो."

सुन्या चहात बघायला लागला. तळवड्याच्या चढावर दोन ट्रकांच्या मध्ये त्याचा डॅशबोर्ड पेटला होता तेव्हा मी शेजारीच होतो. आधी जळका वास, मग पानाएवढा पिवळा इशारा, मग गाडी गिअरच घेईना. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर कोपर ठेवलं होतं. सुन्या मात्र मला खिडकी खाली करून 'वास बाहेरचाय, बाहेरचाय' सांगत होता.

"आरएसला ओला क्लच आहे," सुन्या म्हणाला. "तेलात बुडालेला. तो तापत नाही."

"कमी तापतो. पण मिल्याला दीड लिटरबरोबर जो मिळणार तो कोरडाच. आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये रांगताना घासायलाच काही नाही. इंजिनाकडचं चक्र तेल फेकतं, समोरचं चक्र त्या तेलाने फिरतं. वर सुटताना जोर वाढवून मिळतो तो वेगळा. पूर्वी ही घसरण हायवेलाही चालू राहायची, म्हणून त्या गाड्या पेट्रोल प्यायच्या आणि पिकअपच्या नावाने बोंब. आता गाडीने जरा वेग घेतला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही चक्रं एकत्र धरतो. घसरण संपली. तू वीस वर्षांपूर्वीच्या डब्याला शिव्या देतोयस, सुन्या."

"म्हणजे आता तो डीएसजीएवढा फास्ट झाला?"

"झेडएफ कंपनीचा ८एचपी बघ, टॉर्क कन्व्हर्टरवालाच. २००९ ला बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमधून आला. आठ गिअर, चार एपिसायक्लिक संच, म्हणजे मधल्या सन गिअरभोवती फिरणारे गिअर, आणि सगळं चालवायला क्लच-ब्रेक मिळून फक्त पाच. कुठल्याही गिअरला त्यातले तीन धरलेले, दोन मोकळे. गिअर बदलायचा तर एक सोड, एक धर. ओळखीचं वाटतंय ना? असणारच. एपिसायक्लिकची शीट तू माझीच जीटी मारली होतीस."

हे प्रकरण जुनं आहे. होस्टेलच्या खोलीत, काचेखाली बल्ब लावून सुन्याने प्राचीची शीट रात्रभर छापली. प्राचीने सन गिअरचे दात चुकवले होते. सुन्याने ते दातही इमानदारीने मोजून काढले. सरांनी प्राचीचे मार्क कापले आणि सुन्याला 'लाइनवर्क सुबक' असा शेरा दिला. अजून ती हे विसरलेली नाही, आणि आम्ही तिला विसरू देत नाही.

"विषय भरकटवू नका," सुन्या म्हणाला.

"बरं, बीएमडब्ल्यूचीच एम५ घे. २०११ च्या एम५ला सात गिअरचा डबल क्लच. २०१७ च्या एम५ला? आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. मागोमाग एम३, एम४लाही तोच. पेन्शनर झाले का सगळे?"

"ती नवी एम५ फोर व्हील ड्राइव्ह आहे. म्हणून सुटते तशी."

हा मुद्दा बरोबर होता. सुन्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो, कारण फार काही नोंदवायला मिळालं नाही.

"सुटू दे की कशानेही," प्राची म्हणाली. "एवढ्या ताकदीच्या गाडीचा डबल क्लच त्यांनी काढला, आणि कुणाला फरक कळला नाही. तो पॅडल ओढल्यावर खट् करतो म्हणून तुला स्पोर्टी वाटतो. आवाज स्पीकरमधूनही काढता येतो."

"पोर्शने सोडला का पीडीके?"

"नाही सोडला, आणि सोडूही नये. ट्रॅकवर ब्रेक दाबत चार गिअर खाली यायचं तर त्याच्यासारखं दुसरं नाही, मान्य. ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ ह्या रेसच्या गाड्यांवर त्यांनी तो तावून सुलाखून घेतला, आणि रस्त्यावरच्या ९११ला दिला २००८ मध्ये. पण त्याच पोर्शने कायेन एसयूव्हीला काय दिलं? टॉर्क कन्व्हर्टर. कायेनला ओझं ओढायचं असतं, रांगायचं असतं. आता मिल्या, तू ९११ आहेस का कायेन?"

मिलिंदने पोटाकडे बघितलं. "कायेन."

"सगळंच गोड नाहीये हं," ती पुढे म्हणाली. "तुझ्या बजेटातला सहा गिअरचा आणि झेडएफचा आठ गिअरचा, ही एक जात नाही. ओव्हरटेक करताना पाय दाबलास तर तो क्षणभर विचार करेल, मग गिअर खाली टाकेल. डीएसजीवाला तोवर ट्रकच्या पुढे. खंबाटकीत चिडशील. पण खंबाटकी वर्षातून कितीदा, आणि तळवडे? पोलो जीटी टीएसआयचंच बघ ना. २०१३ ला डीएसजी घेऊन आली, सगळे वेडे झाले. २०२० मध्ये इंजिन बदललं तेव्हा तिलाही सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरच दिला."

"तो खर्च वाचवायला!" सुन्या उसळला.

"असेल. तुझाही वाचला असता."

इथे खरं तर संपायला हवं होतं, पण शेखरला इतका वेळ कुणी विचारलंच नव्हतं. "माझी एएमटी घ्या ना, क्लच-गिअर स्वतःच टाकणारा मॅन्युअल. अ‍ॅव्हरेज मॅन्युअलएवढं, किंमत सगळ्यात कमी."

"तुझी गाडी गिअर बदलताना मान डोलावते," सुन्या म्हणाला. त्याला अखेर आपल्याहून खालचा कुणीतरी सापडला होता. "मागे बसलं की वाटतं, ड्रायव्हर कीर्तन ऐकतोय. तिला गिअरबॉक्स म्हणू नका, प्लीज."

प्राचीने ग्लास खाली ठेवला. "सुन्या, १९८९. ब्राझील. फेरारी ६४०."

"मॅन्सेल!" सुन्याला हे पाठ. "एफ-वनमधली पहिली पॅडलची गाडी. पहिल्याच रेसला जिंकली. गिअरबॉक्स टिकेल असं खुद्द टीमला वाटत नव्हतं."

"डबल क्लच होता का?"

"तेव्हा कुठला... सिंगल."

"म्हणजे साधा मॅन्युअलसारखा गिअरबॉक्स, एक क्लच, आणि दोन्ही चालवायला हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. बरोबर? त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स मॅग्नेटी मारेलीचं. तीच तऱ्हा रस्त्यावर आली १९९७ मध्ये, एफ३५५ मधून. आणि २०१४ ला सेलेरिओबरोबर आपल्याकडे पहिली स्वस्त एएमटी आली, तिचं किट कुणाचं होतं सांग."

सुन्या गप्प.

"मॅग्नेटी मारेली. तेव्हा फेरारीचं रक्त कुणाच्या गाडीत असेल तर ते शेखरच्या. तुझ्या नाही."

त्यानंतर पाच मिनिटं कुणीच धड बोललं नाही. शेखर उठून उभा राहिला, दोन्ही बोटांनी हवेतली पॅडलं ओढली आणि प्रत्येक गिअरला मान पुढे टाकत टपरीभोवती एक फेरी मारून आला. मिलिंद हसता हसता गुडघा धरून बसला. त्याने कुठली गाडी घ्यायची हे त्या गोंधळात राहूनच गेलं, वहिनी ठरवतील.

"फेरारीवाल्याने आज चहाचे पैसे द्यायचे," प्राचीने जाहीर केलं.

शेखरचा हात खिशाकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"बघा," सुन्या ओरडला, "हाच! हाच तो एएमटीचा लॅग!"

पैसे मीच दिले.